रंगाऱ्याच्या लेकीची कूमा

तेओफानाबाईंनी शाळेपायी लग्न केलं नाही, असं आमच्या ब्रेस्तो गावात पोरासोरांना सांगतात. वाचनालयाच्या भिंतीवर त्यांची तसबीर आहे. काळा पोशाख, गळ्याशी पांढरी पट्टी, ओठ घट्ट मिटलेले. खाली लिहिलंय की तुर्की सुलतानाच्या अंमलात मुलींची पहिली शाळा यांनी काढली, आपल्या भाषेत शिकवलं, आणि 'शाळा हाच यांचा संसार'. ज्याने ते लिहिलं त्याला संसारातलं कोणी विचारलं होतं कोण जाणे. एकदा माणसाची तसबीर भिंतीवर चढली की त्याला कधी काही दुखलं-खुपलं असेल हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. शाळेपायी वगैरे काही नव्हतं. बाईंना लग्न करायचं होतं, तेही एकाच माणसाशी. तसबिरीत त्या बाई असतील तर असोत, या गोष्टीत ती फाना आहे. गावात तिला लहानपणापासून फानाच म्हणत.

तो माणूस म्हणजे स्तोइल रंगारी. नदीकाठी, गावापासून जरा लांब, त्याच्या बापाच्या लोकर रंगवायच्या कढया होत्या. त्या वासाला कोण शेजार देणार? निळीत हात बुडवून बुडवून स्तोइलची नखं कायमची निळी झाली होती. चर्चमध्ये तो मेणबत्ती धरून उभा राहिला की सगळ्या पोरी संतांच्या चित्रांकडे बघायच्या आणि फाना त्या नखांकडे.

ती हुशार निघाली हाच सगळा घोळ झाला. गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि तिला रशियात, कीवला शिकायला धाडलं. चार वर्षं शीक, परत ये, आमच्या मुलींना शिकव. निघायच्या दिवशी स्तोइल तिला पुलापर्यंत सोडायला आला होता.

"जा बिनघोर," तो म्हणाला. "मी काय पळून चाललोय? चांगला रंग चढायला वेळ लागतोच."

तिसऱ्या वर्षी त्याच्या आईचे, नोनाआजीचे, गुडघे गेले. घरात बाई हवी झाली. स्तोइलने फानाचं नाव काढलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "पत्रातली सून मला पाणी देणार आहे का उशाशी?" स्तोइल भांडला म्हणतात. पण आईशी भांडून जिंकणारा मुलगा आमच्या डोंगरात अजून जन्मायचा आहे. फाना परतली तेव्हा रंगाऱ्याच्या अंगणातल्या दोरीवर नव्या नवरीचा लाल परकर वाळत होता.

नवरीचं नाव सेवदा. तिचा द्वेष करता आला असता तर फानाचं निम्मं ओझं कमी झालं असतं. पण सेवदा होती हसरी, भाबडी, जिभेला हाड नसलेली. पहिल्याच हिवाळ्यात ती भोपळ्याची बानित्सा, म्हणजे पापुद्र्यांची भाजलेली पोळी, घेऊन शाळेच्या मागच्या दारी आली आणि म्हणाली, "बाई, मला अक्षरं शिकवा. पण माझ्या नवऱ्याला सांगायचं नाही हं, त्याला चकित करायचंय मला." आणि फानाने तिला शिकवलं. पूर्ण हिवाळा, तो लहानसा गरम हात आपल्या हातात धरून, तिला तिचं नाव गिरवायला लावलं. रात्री घरी येऊन ती रडायची, आणि दुसऱ्या दिवशी सेवदा उशिरा आली तर दाराकडे बघत बसायची.

दोन वर्षांनी सेवदा बाळंतपणात गेली. मुलगी जगली, पण जेमतेम, बोटभर. वर दुसरी पंचाईत म्हणजे तिचा बाप्तिस्मा अडून बसला. रंगाऱ्यांच्या घराचा पिढीजात कूम म्हणजे जेरुसलेमची यात्रा करून आलेला हाजी व्लको. तो खिंडीपलीकडे राहणारा, आणि खिंड बर्फाने बंद. आमच्याकडे कूम डावलून बाळाला पाण्यात घालत नाहीत. पिढ्यांचा मान आहे तो. आणि कूमचं नातं रक्ताहून वरचं. जो बाळाला पाण्यातून उचलतो तो कूम, बाई असेल तर कूमा, आणि त्या क्षणापासून बाळाच्या आईबापांशी त्यांचं नातं भावाबहिणीचं. त्या घरात सोयरीक करायची नाही, मनातसुद्धा आणायची नाही. तुर्काचा कायदा मोडून डोंगरात लपलेले लोक आमच्यात पुष्कळ झाले, कूमचा कायदा मोडलेला एक माणूस कोणाला माहीत नाही.

तेव्हा ठरलं, खिंड उघडेपर्यंत थांबायचं. तोवर बाळाला नाव नाही. नोनाआजी तिला नुसतं "बाळी" म्हणायची आणि चिंधीतून शेळीचं दूध पाजायची.

सेवदाला जाऊन चाळीस दिवस झाले तेव्हा चर्चच्या अंगणात उकडलेले गहू वाटले. फाना भिंतीपाशी वाटी घेऊन बसली होती. नोनाआजी काठी टेकत आली.

"सरक गं जरा. गुडघे म्हणजे नुसती लाकडं झालीत."

"बसा, आजी."

"रागावली आहेस माझ्यावर."

"नाही हो आजी."

"खोटं बोलू नकोस, सेवदाच्या नावाचे गहू आहेत तोंडात. रागाव. तुझ्या जागी मी असते तर मी या म्हातारीच्या पाठीत ही काठी मोडली असती." म्हातारीने दोन दाणे तोंडात टाकले, चघळले. "पोरीला आई हवी, फाना. मी किती दिवसांची? सहा महिन्यांचे गहू होऊ देत, मग मागणं घेऊन येते तुझ्या आईकडे. या खेपेला पाय चालले नाहीत तर रांगत येईन."

फानाने वाटी खाली ठेवली. सुचलं ते बोलली, "आणि शाळा?"

"शाळा काय रात्री उठून दूध मागते? सकाळी जा की शाळेत. मी कुठे अडवलंय?"

फाटकापाशी स्तोइल उभा होता, दाढी वाढलेली, हातात विझलेली मेणबत्ती.

"आई काही बोलली?"

"बोलली."

"मग?"

"सेवदाची माती ओली आहे अजून, स्तोइल."

"माहीत आहे मला. मी काही मागत नाही." त्याने निळ्या नखाने मेणबत्तीचं मेण खरवडलं. "एवढंच विचारतोय, तू आता कुठे जाणार नाहीस ना?"

"आता नाही," फाना म्हणाली.

त्यानंतरचे दिवस तिचे सगळ्यात सुखाचे होते. तिला त्याची लाज वाटे, पण सुख लाजेला विचारून येत नाही. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता ती मधेच हसायची आणि मुली एकमेकींना कोपर मारायच्या. झोपताना ती मनात मांडे खायची. त्याच्या घरात आपलं पुस्तकांचं फडताळ कुठे ठेवायचं, चुलीजवळ की खिडकीजवळ. मग सेवदाची आठवण यायची आणि ती अंधारात पुटपुटायची, "मी तिला नीट वाढवीन गं, माझ्यावर विश्वास ठेव."

संत त्रिफोनचा सण आला. त्या दिवशी गावातले सगळे पुरुष द्राक्षमळ्यांवर जातात, वेली छाटतात, छाटलेल्या डोळ्यावर वाइन ओततात आणि त्याच्या दसपट स्वतःच्या घशात ओततात. पाद्रीबाबा मळ्यांना आशीर्वाद द्यायला त्यांच्याबरोबरच. सकाळी नोनाआजीने फानाला बोलावून घेतलं. "माझी बहीण आजारी आहे वरच्या आळीत, तिला बघून येते. तू पोरीपाशी बस. होऊ दे सवय." जाताना म्हातारी डोळे मिचकावून गेली.

फाना त्या घरात पहिल्यांदाच एकटी बसली. तिने चुलीत लाकूड सारलं, खिडकीशी जाऊन उभी राहिली. फडताळ खिडकीजवळच बरं, तिने ठरवलं. बाळी सकाळपासून जरा कढत लागत होती. दुपारी ती तापली. मग अचानक तिचे डोळे वर गेले, अंग काठीसारखं ताठ झालं, ओठ काळेनिळे पडले.

तिला तसंच घेऊन फाना अंगणात धावली. जवळ घर एकच, शेजारच्या केराकाकीचं. काकी दारात पीठ मळत होती.

"काकी, धावा. मळ्यावर जा, पाद्रीबाबांना आणा. पोरीचा बाप्तिस्मा व्हायला हवा, ती चालली."

केरा पिठाच्या हातांनीच पळत सुटली, अंगाने जाडजूड, बर्फात घसरत. ती पुलापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा फानाला कळलं की मळा किती लांब आहे. मागे वळून आत आली तर बाळीचा श्वास थांबला होता.

बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाचं काय होतं ते आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. त्याला कुंपणाबाहेर पुरतात, घंटा नाही, नाव नाही. ते बिनपिसांचं पाखरू होऊन रात्री ओरडत फिरतं आणि आईला शोधतं, पण आई ते ओळखत नाही, कारण हाक मारायला नावच नसतं. सेवदा कुंपणाच्या आत होती.

पाद्री जवळ नसेल तर बाप्तिस्मा झालेलं कोणीही माणूस तो देऊ शकतं. हे फानाला पक्कं ठाऊक होतं, धर्माच्या तासाला तीच शिकवायची. आणि उचलणारे हात कोणाचे, ते हात मग काय होतात, हेही तीच शिकवायची.

ती थांबली. हे तसबिरीखाली लिहिलेलं नाही, पण ती थांबली. काथवटीपाशी, बाळी हातात, तशीच उभी. केरा आत्ता इथे असती तर पिठाच्या हातांनी का होईना तिने उचललं असतं. तिला आपणच धाडलं, आपल्याच तोंडाने. अजून कोणी येईल का? दार उघडं होतं, रस्ता पांढरा आणि रिकामा. त्या उभं राहण्यात एक श्वास गेला असेल, फार तर दोन. तेवढं थांबणं तिला जन्मभर पुरलं.

मग तिने हौदावरचा बर्फ मुठीने फोडला, काथवट भरून आत आणली आणि बाळीला उघडं करून त्यात बुडवलं. "देवाची दासी सेवदा हिचा बाप्तिस्मा होत आहे, पित्याच्या नावाने, आमेन." नाव तिने ठरवलं नव्हतं, ते तोंडातून आलं. दुसऱ्यांदा बुडवलं, पुत्राच्या नावाने. तिसऱ्यांदा, पवित्र आत्म्याच्या नावाने. आणि त्या गार पाण्यातून तिसऱ्यांदा वर येताना पोरीने हिसका दिला, श्वास ओढला आणि असं भोकाड पसरलं की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

फानाने तिला स्वतःच्या पदराखाली उघड्या छातीशी धरलं. हळूहळू ओठ लाल झाले. पोर झोपली. चेहरा सेवदाचाच, तोंड किंचित उघडं. फानाने काथवटीतलं पाणी कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी, गुलाबाच्या बुडाशी नेऊन ओतलं. आणि तिथे वाकलेली असतानाच तिच्या मनात आलं की हे कोणीही पाहिलेलं नाही.

सगळ्यात पुढे स्तोइल आला, हातात अजून छाटणीची सुरी. मागून केरा धापा टाकत, मग नाक लाल झालेले पाद्रीबाबा मिन्यो, आणि वाटेत गाठलेली नोनाआजी. स्तोइलने बाळीला बघितलं, तिच्या नाकाशी बोट नेलं आणि उंबऱ्यावर बसला. त्याला रडू आवरेना.

"फाना, पोर परत आणलीस तू माझी," तो म्हणाला. "मला आता कोणाच्या गव्हांची वाट बघायची नाही. आत्ता, पाद्रीबाबांच्या समोर सांगतो, मला—"

"थांब," फाना म्हणाली.

"थांब काय थांब, बोलू दे त्याला," पाद्रीबाबा खूश होऊन म्हणाले. "पोर जगली, सण आहे, कोठारात वाइन आहे. ईस्टरपर्यंत खिंड उघडेल, हाजी येईल, मग थाटात घालू पोरीला पाण्यात."

फाना म्हणाली, "पाद्रीबाबा, घातलंय. नाव सेवदा."

 पाद्रीबाबांची वाइन त्या एका वाक्यात उतरली. फानाचं पापनिवेदन तेच ऐकत आले होते, तिच्या मनात काय आहे हे गावात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. ते तिच्यापाशी आले आणि अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागले.

"घाबरली असशील पोरी. घाबरल्यावर माणूस निम्मं विसरतं. तीनदा बुडवलंस की दोनदा? पवित्र आत्म्याचं नाव घेतलंस? एक जरी शब्द सुटला असेल ना, तर ती नुसती अंघोळ झाली. मग मी पुन्हा करीन आणि दुसरी कूमा उभी करू. ही केरा आहेच. नीट आठव. घाई नाही."

"आठव बाई," केरा म्हणाली. "मी तर भाकरीत मीठ घातलं की नाही तेही विसरते."

"आठव, फाना," स्तोइल म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं. सबंध आयुष्यात तिने त्याला इतक्या जवळून, इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. तीन माणसं तिच्याकडून एक खोटा शब्द मागत होती, प्रेमाने मागत होती, आणि त्यातलं एक माणूस देवाचं होतं. नाही आठवत, एवढंच म्हणायचं. फडताळ खिडकीजवळ. पण पदराखाली ती पोर होती, तिचा श्वास फानाच्या कातडीला लागत होता. दिलेलं नाव परत घ्यायचं, नुसती अंघोळ होती म्हणायचं, म्हणजे सेवदाला दुसऱ्यांदा पुरायचं. आणि हे सगळं मनात येण्याआधीच तिला कळलं होतं की तिला ते जमणार नाही. ती दोन श्वास थांबली होती. आता तिसरा नको.

"एकही शब्द सुटला नाही," ती म्हणाली.

केराने डोळ्यांना पिठाचा हात लावला. स्तोइल उठला, सुरी हातातच, आणि मागच्या दाराने कढयांकडे निघून गेला. त्याची पाठ तिला दिसत राहिली. तो वळला नाही.

नोनाआजी काठी टेकत पुढे आली. "काय नाव म्हणालीस?"

"सेवदा."

"सेवदा," म्हातारी म्हणाली. मग ती आपल्या लाकडी गुडघ्यांसकट वाकली, लेकीच्या वयाच्या त्या मुलीचा हात धरला आणि चुंबला. कूमाचा मान असतो तो. "आमच्या घरावर कृपा ठेव, कूमा," ती म्हणाली, आणि फानाला वाटलं, आपल्या पाठीत काठी मोडली असती, शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

हाजी व्लको रुसला, पुढे समजूत पटली. ते असो.

दोन आठवड्यांनी मोठ्या उपवासाआधीचा क्षमेचा रविवार आला. दर वर्षी त्या दिवशी धाकटे थोरांकडे जातात, आणि ज्यांच्या घरी बाळ आहे ते कूमकडे, चीजची बानित्सा, वाइन आणि संत्रं घेऊन. वर्षभरात जे चुकलं त्याची क्षमा मागतात. फाना सकाळपासून तयार होती. आईने विचारलं, "टेबल किती वेळा पुसशील?" तिने फडकं पुन्हा भिजवलं.

ते तिघं आले. नोनाआजीच्या कडेवर छोटी सेवदा, आता गालांवर मांस धरलेली. स्तोइलने टोपी काढली. दाढी केली होती, नवा अंगरखा घातला होता. त्या दिवसापासून तो फानाशी एक शब्द बोलला नव्हता, रस्त्यात दिसली तर तो दुसऱ्या बाजूने जायचा. आता जाणं शक्य नव्हतं. रिवाज होता.

तो तिच्यासमोर वाकला. तिचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला, ओठांना लावला, मग कपाळाला लावला, आणि कपाळ तिथेच राहिलं, जितकं राहायला हवं त्याच्याहून जरासं जास्त. लहानपणापासून ज्या हातांकडे ती बघत आली होती ते हात तिला पहिल्यांदा लागले. ते गरम होते आणि खरखरीत होते.

"माफ कर, कूमा," तो म्हणाला.

उत्तर ठरलेलं असतं, सगळे तेच देतात. तिला ते लगेच देता आलं नाही. दिलं की हात सुटणार होता. आई बघत होती, नोनाआजी बघत होती.

"माफ केलं," ती म्हणाली. "देव माफ करो."

त्याने हात सोडला. मग सगळे जेवायला बसले, बानित्साची तारीफ झाली, बर्फाबद्दल बोलणं झालं, आणि अंधार पडायच्या आत ती माणसं घरी गेली.

ते गेल्यावर फाना आपल्या शाळेच्या कामाच्या टेबलाशी बसली आणि कीवला शिकलेल्या रीतीने पुढच्या वर्षीच्या ईस्टरचा हिशेब मांडू लागली. ईस्टर काढला की त्यावरून मागे मोजत क्षमेचा रविवार काढता येतो. तिने दोनदा मांडला, कुठे चुकलं तर नाही ना म्हणून. चुकलं नव्हतं. पुढच्या वर्षी तो रविवार यंदाहून तीन आठवडे उशिरा येणार होता.